ईश्वर आहे का? युक्तिवादांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावरचे वाद मी खूप ऐकले, काही स्वतः घातले. बहुतेक वाद एकाच जागी बिघडतात. दुसऱ्याचं म्हणणं आपण बारीक चाळणीने चाळतो आणि आपलं मात्र न पाखडता तसंच पुढे सरकवतो. खालची उत्तरं लिहिताना दोन्ही बाजूंना एकच चाळणी लावायचा प्रयत्न केला आहे. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच सांगितलं आहे.

वादाला सुरुवात कुठून करावी?

‘कोणता ईश्वर?’ या प्रश्नापासून.

योगसूत्रांतला ईश्वर हा क्लेश, कर्म, कर्मफळ आणि वासना यांचा स्पर्श नसलेला ‘पुरुषविशेष’, म्हणजे एक वेगळाच आत्मा, आहे. तो जग घडवतो असं तिथे म्हटलेलं नाही. न्यायदर्शनातला ईश्वर जग घडवतो, पण शून्यातून नाही. परमाणू अनादी आहेत, तो त्यांची जुळणी करतो. ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरांतला ईश्वर सगळं काही शून्यातून निर्माण करतो, तो सर्वशक्तिमान आहे आणि पूर्णपणे चांगलाही आहे. सतराव्या शतकातल्या स्पिनोझा या डच तत्त्वज्ञाचा ईश्वर आणि निसर्ग ही एकाच गोष्टीची दोन नावं. अद्वैतातलं निर्गुण ब्रह्म तर ‘कोणीतरी’ या अर्थाने कोणी नाहीच.

एकावर घाव घालणारा युक्तिवाद दुसऱ्याला स्पर्शही करत नाही. जगातल्या दुःखाचा दाखला स्पिनोझासमोर ठेवला तर तो विचारेल, निसर्ग दयाळू असतो असं मी कधी म्हटलं? आणि विश्वाला पहिलं कारण आहे असं सिद्ध झालं, तरी ते कारण आपली प्रार्थना ऐकतं हे त्यातून निघत नाही. म्हणून प्रत्येक युक्तिवादाला मी आधी विचारतो: तू पूर्ण यशस्वी झालास असं धरलं, तरी मला नेमकं कुठवर आणून सोडतोस?

‘आस्तिक’ आणि ‘नास्तिक’ यांचा अर्थ नक्की काय?

आजच्या बोलण्यात ईश्वर मानणारा तो आस्तिक. जुन्या दर्शनांमध्ये मात्र ही रेघ वेदांच्या प्रामाण्यावर ओढलेली होती. त्यामुळे मीमांसक, म्हणजे वेदांतल्या विधींचा अर्थ लावणारे पंडित, पक्के आस्तिक असूनही जगाचा कर्ता नाकारतात. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टाने ‘श्लोकवार्तिका’त असा रोखठोक प्रश्न केला आहे की सृष्टीच्या आधी काहीच नव्हतं, तर प्रजापती कुठे होता आणि त्याला पाहिलं कोणी? वेदांच्या रक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे. ‘नास्तिकता ही बाहेरून आलेली गोष्ट’ असं म्हणणाऱ्यांनी तो वाचावा.

‘माहीत नाही, आणि बहुधा कळण्याजोगंही नाही’ या भूमिकेला अज्ञेयवाद म्हणतात. त्यासाठीचा इंग्रजी शब्द टी. एच. हक्सली यांनी १८६९ मध्ये घडवला. भूमिका अर्थातच त्याहून कितीतरी जुनी आहे.

मडक्याला कुंभार लागतो, मग जगाला कर्ता नको का?

हा सगळ्यांत जास्त ऐकू येणारा युक्तिवाद. त्याचं सर्वांत घट्ट विणलेलं रूप नैयायिकांकडे, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांकडे, सापडतं. उदयनाचार्यांनी साधारण हजार वर्षांपूर्वी ‘न्यायकुसुमांजली’ हा पूर्ण ग्रंथच ईश्वराच्या सिद्धीसाठी लिहिला. गाभा असा: पृथ्वी, अंकुर वगैरे गोष्टी ‘कार्य’ आहेत, म्हणजे त्या कधीतरी घडल्या आहेत. जे कार्य असतं त्याला जाणता कर्ता असतो, जसं मडकं. म्हणून यांनाही कर्ता आहे.

बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने यावर वारुळाचं उदाहरण दिलं. मडकं मातीचा आकार आहे आणि कुंभाराने केलेलं आहे. वारूळसुद्धा मातीचाच आकार आहे. मग तेही कुंभाराने केलं म्हणायचं का? मडकं पाहून कुंभार आठवतो, कारण मडकी घडवणारे कुंभार आपण पाहिलेले असतात. डोंगर घडवणारा कोणी पाहिलेला नाही. ‘कार्य’ हा शब्द दोन्हीकडे एकच असला, तरी शब्द सारखा म्हणून व्याप्ती (‘हे असेल तिथे ते असतंच’ हा नियम) सारखी होत नाही.

पुढचे आक्षेप याच वाटेने येतात. कुंभाराला शरीर असतं, ईश्वराला आहे का? मोठं घर एकटा कोणी बांधत नाही, मग जगाचे कर्तेही अनेक का नसावेत? हा शेवटचा मुद्दा स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनेही मांडला. त्याचे धर्मविषयक संवाद त्याच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये छापले गेले. एकाच दृष्टान्तातलं तेच भोक दोन वेगळ्या संस्कृतींतल्या माणसांना दिसावं, याचं मला फार मोल वाटतं. नैयायिकांचं उत्तर लाघवाचं, म्हणजे कमीत कमी गृहीत धरण्याचं, आहे: एका सर्वज्ञ कर्त्याने काम भागत असेल तर अनेक कशाला मानायचे? उत्तर हुशारीचं आहे, पण तोपर्यंत कर्ता हवाच हे आधी ठरलेलं असायला लागतं.

एक गोष्ट भाविकांच्याही नजरेतून सुटते. रामानुजाचार्य ईश्वर मानतात, त्याची भक्ती शिकवतात, आणि तरीही अनुमानाने ईश्वर सिद्ध होतो हे म्हणणं ‘श्रीभाष्या’त खोडून काढतात. त्यांच्या मते ईश्वर कळतो तो शास्त्रातून. तेव्हा कुंभाराचा दृष्टान्त मोडला म्हणून श्रद्धा मोडली, असं समजायचं कारण नाही.

मग ईश्वराला कोणी निर्माण केलं?

हा प्रश्न टाकला की वाद संपला असं नास्तिक मित्रांना वाटतं. संपत नाही. ‘प्रत्येक गोष्टीला कारण असतं’ असं कोणताही मोठा ईश्वरवादी तत्त्वज्ञ म्हणत नाही. इस्लामी विचारवंत अल्-गझाली (१०५८–११११) म्हणतो, ज्याला आरंभ आहे त्याला कारण असतं. त्याच्या आधीचा इस्लामी तत्त्वज्ञ इब्न सिना म्हणतो, जे नसूही शकलं असतं ते का आहे, याला कारण लागतं. ईश्वराला आरंभ नाही आणि तो नसूच शकत नाही असं त्यांचं म्हणणं असल्याने ‘त्याला कोणी केलं’ हा प्रश्न त्यांच्या विधानावर बसतच नाही.

इब्न सिनाची मांडणी मला सर्वांत बळकट वाटते. एक निरोप कानोकानी माझ्यापर्यंत आला आहे असं समजा. मला दुसऱ्याने सांगितला, त्याला तिसऱ्याने. ही साखळी मागे कितीही लांब नेली, अगदी अनंत केली, तरी ‘हा निरोप मुळात दिला कोणी?’ हे सुटत नाही. साखळीतला प्रत्येकजण फक्त पुढे देणारा आहे. तसंच जगातली प्रत्येक वस्तू आपलं अस्तित्व दुसऱ्याकडून घेऊन पुढे देत असेल, तर ज्याचं अस्तित्व स्वतःचंच आहे असं काहीतरी असलं पाहिजे. इथे विश्वाला सुरुवात आहे की नाही याने काही बिघडत नाही. ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) हाही पहिल्या कारणाचा पुरस्कर्ता होता. विश्वाला आरंभ होता हे केवळ बुद्धीने सिद्ध करता येत नाही, असं त्याने स्पष्ट लिहून ठेवलं आहे.

विरोधातलं उत्तरही तितकंच ताकदीचं आहे. १९४८ मध्ये बीबीसी रेडिओवर नास्तिक बाजूचा तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल आणि जेझुइट या कॅथलिक संघाचा धर्मगुरू फ्रेडरिक कोपलस्टन यांचा वाद झाला. रसेलचं म्हणणं होतं की प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून मानवजातीला एक आई असते असं होत नाही. भागांना कारण आहे म्हणून संपूर्णालाही कारण आहे असं का धरायचं? विश्व आहे, बस्. कोपलस्टन म्हणाला, यावर प्रश्नच विचारायचा नाही असं ठरवलं तर बुद्धिबळाच्या पटावर बसायलाच नकार दिल्यासारखं आहे.

दोघांनाही कुठेतरी थांबावं लागतं, हे मला पुन्हा पुन्हा जाणवतं. एक ईश्वरापाशी थांबतो, दुसरा विश्वापाशी. ‘मुळात काहीतरी का आहे, काहीच नसणं का नाही’ हा जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझचा प्रश्न १७१४ पासून तसाच उभा आहे आणि मला तो पोकळ वाटत नाही. फक्त त्याच्या उत्तरादाखल जी ‘अनिवार्य सत्ता’ हाती येते, तिला मन आहे, इच्छा आहे, करुणा आहे, हे वेगळ्याने दाखवावं लागतं. ती पायरी मला कोणीही पक्की चढलेला दिसला नाही.

महास्फोटाच्या सिद्धान्ताने सृष्टीचा आरंभ सिद्ध झाला ना?

घाई नको. हा सिद्धान्त मांडणाऱ्यांतला अग्रणी, बेल्जियमचा जॉर्ज लमेत्र, स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. त्याने १९२७ मध्ये प्रसरण पावणाऱ्या विश्वाची आणि १९३१ मध्ये ‘आद्य अणू’ची कल्पना मांडली. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात हे विज्ञान आणि सृष्टीच्या निर्मितीची श्रद्धा यांची सांगड घातली, ती लमेत्रला रुचली नाही. भौतिकशास्त्राचं गृहीतक उद्या बदलू शकतं, त्यावर श्रद्धा टेकवू नये, अशी त्याची धारणा होती.

सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय उष्ण आणि दाट होतं, इथवर पुरावा भक्कम आहे. त्याच्या पलीकडे ‘काहीच नव्हतं’ असं हा सिद्धान्त सांगत नाही. तिथे आजची समीकरणंच चालेनाशी होतात.

डोळ्यासारखी रचना आपोआप कशी होईल?

विल्यम पेलीने १८०२ मध्ये हेच विचारलं. माळरानावर घड्याळ सापडलं तर घड्याळजी असणारच, मग डोळ्याचं काय? १८५९ मध्ये डार्विनने उत्तर दिलं. लहान लहान फरक, त्यांतले उपयोगी ते टिकणं, आणि अफाट काळ. प्रकाश नुसता जाणवणाऱ्या ठिपक्यापासून भिंगाच्या डोळ्यापर्यंतच्या मधल्या अवस्था आजही वेगवेगळ्या प्राण्यांत दिसतात. सजीवांच्या रचनेवरून केलेला युक्तिवाद तिथे संपला, असं माझं स्पष्ट मत आहे. उत्क्रांती मानणारे आणि ईश्वरही मानणारे असंख्य लोक आहेत, हे त्याच्या आड येत नाही.

याचं नवं रूप मात्र वेगळं आहे आणि त्याला उत्क्रांतीचं उत्तर पुरत नाही. निसर्गाचे काही स्थिरांक (गुरुत्वाकर्षणाची ताकद ठरवणाऱ्या आकड्यासारखे ठरलेले आकडे) किंचित वेगळे असते तर तारे, जड मूलद्रव्यं, सजीव यांतलं काहीच झालं नसतं. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलचं उदाहरण प्रसिद्ध आहे. ताऱ्यांमध्ये पुरेसा कार्बन तयार व्हायचा तर त्याच्या अणुकेंद्राला एक ठरावीक ऊर्जापातळी असायलाच हवी, असं भाकीत त्याने १९५३ मध्ये केलं. प्रयोगशाळेत ती जवळजवळ तिथेच सापडली. पुढे हॉइलनेच लिहिलं की कोणा महाबुद्धीने भौतिकशास्त्रात हात घातल्यासारखं हे दिसतं. आणि हा माणूस धार्मिक नव्हता.

आक्षेप तीन, आणि तिसरा मला सर्वांत चांगला वाटतो. एक: असंख्य विश्वं असतील तर त्यांतलं एखादं जमून येणारच, आणि आपण त्यातच असणार. पण ती इतर विश्वं आपण पाहू शकत नाही, त्यामुळे इथे नास्तिकालाही न दिसणाऱ्या गोष्टीचा आधार घ्यावा लागतो. दोन: आपल्याकडे विश्व एकच आहे, मग ‘शक्यता किती कमी होती’ हे मोजायचं कशाच्या तुलनेत? तीन: सर्वशक्तिमानाला स्थिरांक जुळवण्याची गरजच काय? वाद्याची तार लावावी लागते ती वाजवणाऱ्याला, कारण तार त्याच्या इच्छेबाहेरच्या नियमांनी चालते. ज्याने नियमच केले, तो कोणत्याही स्थिरांकांत जीव फुंकू शकला असता.

नुसत्या व्याख्येवरून ईश्वर सिद्ध करता येतो म्हणतात, ते काय आहे?

अकराव्या शतकातला साधू अन्सेल्म. त्याचं म्हणणं असं की ईश्वर म्हणजे ज्याहून मोठं काही कल्पिताच येत नाही ते. ते नुसतं मनातच असेल, तर प्रत्यक्षात असणारं त्याहून मोठं ठरेल, आणि मग व्याख्याच मोडेल. म्हणून ते प्रत्यक्षात आहे.

गॉनिलो नावाच्या दुसऱ्या साधूने लगेच लिहिलं की या रीतीने सर्वांत उत्तम बेटही सिद्ध करता येईल. १७८१ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कान्टने मुळावर बोट ठेवलं. ‘असणं’ हा वस्तूचा गुण नव्हे. मनातल्या शंभर नाण्यांत आणि खऱ्या शंभर नाण्यांत नाण्यांचं वर्णन एकच असतं. तरीही विसाव्या शतकात कुर्ट ग्योडेलसारख्या तर्कशास्त्रज्ञाने याची नवी, चिन्हांच्या भाषेतली मांडणी केली. या युक्तिवादाने भाविक झालेला माणूस मला भेटलेला नाही. पण त्यातली चूक नेमकी कुठे आहे हे दाखवायला बसलं, की दिवस जातो.

ईश्वर नसेल तर नीतीला आधार काय?

प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादात सॉक्रेटिस विचारतो तो प्रश्न इथे उपयोगी पडतो. थोडा बदलून असा: चांगलं ते ईश्वराला आवडतं म्हणून चांगलं, की चांगलं आहे म्हणून ते त्याला आवडतं? पहिलं म्हणालात तर त्याने क्रौर्याची आज्ञा दिली असती तर क्रौर्य चांगलं ठरलं असतं. दुसरं म्हणालात तर चांगुलपणाचं माप ईश्वराच्या बाहेर आलं. ईश्वराचा स्वभावच चांगुलपणा आहे, असं तिसरं उत्तर दिलं जातं. त्यावर ‘तो स्वभाव चांगला हे कशावरून’ असं पुन्हा विचारता येतं.

शिवाय इतिहास समोर आहे. जैन आणि बौद्ध परंपरांनी जगाचा कर्ता नाकारला आणि अहिंसेचे अत्यंत कडक नियम पाळले. मीमांसकांच्या मते कर्माचं फळ ‘अपूर्व’ नावाच्या शक्तीने मिळतं, वाटणारा कोणी लागत नाही. नीतीसाठी कर्ता अपरिहार्य आहे असं म्हणणाऱ्याला या सगळ्यांचं काहीतरी करावं लागेल.

जगात एवढं दुःख आहे, मग दयाळू ईश्वर कसा असेल?

विरोधातला हा सर्वांत भारी युक्तिवाद. त्यावर घाईने बोलू नये.

त्याची दोन रूपं आहेत. पहिलं कडक: सर्वशक्तिमान, पूर्ण चांगला ईश्वर आणि दुरित, म्हणजे जगातलं वाईट, या गोष्टी एकत्र असूच शकत नाहीत. १९५५ मध्ये जे. एल. मॅकी यांनी हे नेटाने मांडलं. १९७०च्या दशकात आल्विन प्लँटिंगा यांनी उत्तर दिलं: खरं स्वातंत्र्य असलेले जीव निर्माण करायचे तर ते वाईट निवडतीलच नाहीत याची हमी स्वतः ईश्वरही देऊ शकत नाही, कारण हमी दिली की स्वातंत्र्य उरत नाही. या उत्तराने कडक विसंगती टळते, हे अनेक नास्तिक तत्त्वज्ञांनीही मान्य केलं आहे.

दुसरं रूप मऊ दिसतं, पण जास्त खोल जातं. विल्यम रो यांनी १९७९ मध्ये एक उदाहरण दिलं. दूर अरण्यात वीज पडून वणवा लागतो. एक हरणाचं पाडस होरपळतं आणि काही दिवस तडफडून मरतं. कोणी पाहत नाही, कोणी काही शिकत नाही. याने कोणतं मोठं भलं साधलं? एखादं साधलं असेलही, पण अशा असंख्य मरणांपैकी एकही टाळता येण्याजोगं नव्हतं, हे पटण्यासारखं आहे का?

माणसाच्या स्वातंत्र्याचं उत्तर इथे लागू पडत नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी लिस्बन शहर भूकंपाने, मग समुद्राच्या लाटांनी आणि आगीने उद्ध्वस्त झालं. तो ख्रिस्ती सणाचा दिवस होता, लोक चर्चमध्ये जमलेले होते. हे जग शक्य असलेल्या जगांपैकी सर्वोत्तम आहे, असं लायब्निझने १७१० मध्ये लिहिलं होतं. लिस्बननंतर ते वाक्य सरळपणे म्हणणं युरोपात कठीण झालं.

जॉन हिक यांनी १९६६ मध्ये वेगळी दिशा घेतली: जग हे सुखाचं घर नाही, ते आत्मा घडवण्याची जागा आहे. संकटाशिवाय धैर्य नाही, दुःखाशिवाय करुणा नाही. यात तथ्य आहे, पण पाडसाला काय घडायचं होतं? आणि ज्यांना दुःख घडवत नाही, मोडून टाकतं, त्यांचं काय?

ब्रह्मसूत्रांत हाच आक्षेप नाव घेऊन येतो: ईश्वराने जग केलं तर त्याच्यावर ‘वैषम्य’ आणि ‘नैर्घृण्य’, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता, यांचा दोष लागेल. उत्तर असं की लागत नाही, कारण तो जीवांच्या कर्मांची अपेक्षा ठेवून फळ देतो. शंकराचार्य पावसाची उपमा देतात. पाऊस सगळ्यांना सारखाच, भात उगवतो की जव हे बीज ठरवतं. मग अगदी पहिल्या जन्मी कर्म कुठून आलं? संसार अनादी आहे, पहिला जन्म नाहीच. बांधणी म्हणून हे उत्तर सर्वांत नेटकं आहे. दोन अडचणी उरतात. सगळं कर्मानेच ठरत असेल तर ईश्वराकडे काम काय राहिलं? आणि आठवतही नसलेल्या कर्माची शिक्षा कोणाला काय शिकवणार?

तिसरी अडचण तर्काची नाही. माझ्या धाकट्या बहिणीचं बाळ काही दिवस अतिदक्षता विभागात होतं. बाहेरच्या बाकावर बसलेली असताना ओळखीच्या एका बाईंनी तिला समजावलं, ‘मागच्या जन्मीचं काहीतरी असेल गं.’ बहीण काही बोलली नाही, उठून जिन्यात जाऊन उभी राहिली. ‘यात देवाची काहीतरी योजना असेल’ हे वाक्यही तिने त्या आठवड्यात बरेचदा ऐकलं. बाळ पुढे बरं झालं. पण हे युक्तिवाद कागदावर कितीही जुळले, तरी त्या बाकाशेजारी ते उच्चारू नयेत, हे मला तेव्हा कळलं. त्या प्रसंगी नास्तिकानेही ‘बघ, देव नाही’ म्हणू नये.

‘ईश्वराची कारणं आपल्या बुद्धीपलीकडची आहेत’ हे उत्तरही नेहमी ऐकू येतं. ते खोटं पाडता येत नाही, पण त्याची किंमत मोठी आहे. त्याचे हेतू आपल्याला अजिबात कळत नसतील, तर सुंदर पहाट पाहून ‘तो दयाळू आहे’ म्हणण्याचा हक्कही आपण गमावतो.

‘दिसत नाही म्हणून नाही’ असं म्हणता येतं का? सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची?

जो दावा करतो त्याची. रसेलने १९५२ मध्ये सूर्याभोवती फिरणाऱ्या, दुर्बिणीतून न दिसणाऱ्या चहाच्या किटलीचं उदाहरण दिलं: ती नाही हे तुम्ही दाखवू शकत नाही, म्हणून ती आहे असं मानावं लागत नाही. बरोबर. पण ‘नाही’ हाही दावाच आहे. सांख्य दर्शनाच्या सूत्रांत ‘ईश्वरासिद्धेः’ (ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून) असं सूत्र आहे. विज्ञानभिक्षू हा भाष्यकार म्हणतो, सूत्रकाराला ‘ईश्वर नाही’ म्हणायचं असतं तर त्याने ‘ईश्वराभावात्’ (ईश्वर नसल्यामुळे) लिहिलं असतं. असिद्ध असणं वेगळं आणि अभाव वेगळा.

याहून बारीक हत्यार आपल्या दर्शनांनी घडवून ठेवलं आहे: योग्यानुपलब्धी. टेबलावर हत्ती दिसत नाही, म्हणून तिथे हत्ती नाही हे कळतं, कारण असता तर दिसलाच असता. टेबलावर जंतू दिसत नाहीत यावरून काहीच कळत नाही. न दिसणं हा पुरावा तेव्हाच, जेव्हा ती गोष्ट दिसण्याजोगी असते. उदयनाचार्य हेच धरून म्हणतात की ईश्वर इंद्रियांना दिसण्याजोगा नाही, तेव्हा त्याच्या न दिसण्याने त्याचा अभाव सिद्ध होत नाही.

हे हत्यार मला फार आवडतं, कारण ते दोन्ही बाजूंनी कापतं. जे. एल. शेलेनबर्ग यांनी १९९३ मध्ये मांडलेला ‘लपलेल्या ईश्वरा’चा युक्तिवाद याच पात्यावर उभा आहे. प्रेम करणारा ईश्वर असेल तर नात्यासाठी मन मोकळं असलेल्या प्रत्येकाला तो निदान असल्याचं कळू देईल. पण प्रामाणिकपणे शोधूनही काही न सापडलेली माणसं आहेत. म्हणजे असा ईश्वर ‘असता तर जाणवण्याजोगा’ होता आणि जाणवत नाही. जगापासून अलिप्त ईश्वर मानणाऱ्याला याची झळ लागत नाही. पिता किंवा माउली मानणाऱ्याला लागते.

ज्यांना ईश्वराचा अनुभव येतो त्यांचं काय?

विल्यम जेम्स यांनी १९०२ च्या ग्रंथात अशा अनुभवांची बारकाईने नोंद केली. तो अनुभव ज्याला आला त्याच्यावर त्याचा अधिकार चालतो, ज्याला नाही त्याच्यावर चालत नाही, असा त्यांचा निष्कर्ष मला न्याय्य वाटतो.

‘हा मेंदूतला खेळ आहे’ हे उत्तर अपुरं आहे. झाड पाहतानाही मेंदूत हालचाल होतेच, म्हणून झाड खोटं ठरत नाही. तसंच, माणसाला पित्याचा आधार हवासा वाटतो म्हणून त्याने ईश्वर कल्पिला, हे फ्रॉइडने १९२७ मध्ये मांडलेलं म्हणणं खरं धरलं, तरी समजूत कशी निर्माण झाली यावरून ती चुकीची ठरत नाही. खरी अडचण वेगळी आहे. झाड सगळ्यांना झाडच दिसतं. इथे एकाला सगुण मूर्ती दिसते, दुसऱ्याला निराकार प्रकाश, तिसऱ्याला शून्यता, आणि प्रत्येकाची खात्री तितकीच गाढ असते.

मानून टाकलं तर बिघडतं कुठे? असला तर फायदा, नसला तर तोटा नाही.

हा पास्कलचा पैजेचा युक्तिवाद, १६७० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेला. पहिली अडचण अशी की पैज कोणत्या ईश्वरावर लावायची? एकाला मानलं की दुसऱ्याचा कोप ओढवू शकतो. दुसरी, ‘मान’ म्हटल्याने मानता येत नाही. पास्कलला हे ठाऊक होतं. तो म्हणतो, मानत असल्यासारखं वागायला लागा, मन मागून येईल. तिसरी अडचण मला सर्वांत मोठी वाटते: ईश्वर खरोखर असेल, तर हिशेब मांडून आलेल्याला त्याने जवळ करावं आणि प्रामाणिक शंकेखातर बाहेर थांबलेल्याला दूर लोटावं, हे त्याला शोभेल का?

तुम्ही स्वतः कुठे उभे आहात?

जग चालवणारी, आपलं भलं पाहणारी कोणी व्यक्ती आहे असं मला वाटत नाही. त्याचं कारण ते पाडस आणि लिस्बन. पण ‘मुळात काहीतरी का आहे’ या प्रश्नावर रसेलसारखं ‘आहे, बस्’ म्हणणं मला जमत नाही. तरुणपणी हे सगळे युक्तिवाद मी एका दमात उडवून लावत असे. उदयनाचार्य वाचल्यावर ते बंद झालं.

युक्तिवादाने कोणाचं मत बदलतं का?

क्वचित, पण बदलतं. ब्रिटिश तत्त्वज्ञ अँटनी फ्लू अर्धशतक नास्तिकतेचा नामांकित पुरस्कर्ता होता. २००४ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, एक प्रकारचा ईश्वर मानावासा वाटतो असं त्याने जाहीर केलं. सजीवांच्या रचनेतली गुंतागुंत हे त्याचं एक कारण होतं. तो ईश्वर प्रार्थना ऐकणारा नव्हता आणि मृत्यूनंतरचं जीवन फ्लूने तेव्हाही मानलं नाही. त्याचं हे कारण मला पटत नाही, पण उतारवयात इतक्या वर्षांची ओळख मोडणं सोपं नसतं.

उलट दिशेला अँथनी केनी. तो कॅथलिक धर्मगुरू होता, १९६३ मध्ये त्याने ते पद सोडलं आणि १९६९ मध्ये अक्वायनसने ईश्वरासाठी दिलेल्या पाचही सिद्धता बारकाईने तपासून त्या टिकत नाहीत असं लिहिलं. पण ईश्वर नाही असंही सिद्ध होत नाही, म्हणून तो अज्ञेयवादी राहिला. अज्ञेयवाद्याने प्रार्थना केली तर त्यात विसंगत काही नाही, असंही त्याचं म्हणणं आहे. समुद्रात एकटा वाहत चाललेला माणूस मदतीसाठी हाक मारतो. ऐकणारा कोणी आहे का, हे त्याला माहीत नसतं.